पाँतिएव्रची झान

सत्यजितने व्हाइटबोर्डवर दोन गोल काढले, दोन्हींत ‘जेन’ असं लिहिलं, आणि मग त्या दोघांना पोटात घेणारा एक मोठा गोल काढला.

“मर्ज,” तो म्हणाला. “दोघींची एक करायची. प्रॉब्लेम संपला.”

टेबलाभोवती बसलेल्यांपैकी कुणीतरी ‘नाइस’ म्हणालं. कुणीतरी लगेच लॅपटॉपवर टिपूनही घेतलं. चैत्रालीला आधी वाटलं, आपल्याच ऐकण्यात काहीतरी चूक झाली.

“कोणाची एक?”

“दोन जेनची. पाँतिएव्रची आणि ती दुसरी, फ्लँडर्सची. एकच जबरदस्त बाई. घोड्यावर बसलेली.”

“सत्यजित, त्या दोघी शत्रू होत्या. अख्खं युद्ध त्यांच्या दोन घरांमधलं आहे. शत्रूंना मर्ज कसं करणार?”

“सेम नाव आहे ना पण,” तो म्हणाला आणि पुढच्या मुद्द्याकडे वळला. पुढचा मुद्दा जहाजांच्या शिडांचा होता. त्यावर अर्धा तास चर्चा झाली.

कॅलिफोर्नियात, सनीव्हेलमधल्या सत्यजितच्या त्या छोट्या गेम स्टुडिओत चैत्राली तीन वर्षं इतिहास सल्लागार म्हणून काम करत होती. स्टुडिओ ज्या गेमवर काम करत होता तो चौदाव्या शतकातल्या ब्रिटनीवर बेतलेला होता. ब्रिटनी म्हणजे फ्रान्सच्या पश्चिमेचा, समुद्रात घुसलेला मुलूख. तेव्हा तिथे ड्यूकचं राज्य होतं. १३४१ साली तिथला ड्यूक मूलबाळ नसताना वारला आणि गादीला दोन वारस उभे राहिले. एक त्याची पुतणी झान. उत्तर किनाऱ्यावरची पाँतिएव्र नावाची काउंटी, म्हणजे आपल्याकडच्या परगण्यासारखी मोठी जहागीर, तिच्या वडिलांकडून तिच्याकडे आली होती. तिचा नवरा शार्ल हा फ्रान्सच्या राजाचा भाचा. दुसरा दावेदार ड्यूकचा सावत्र भाऊ, माँफोरचा; त्याच्या पाठीशी इंग्लंडचा राजा. आणि या माँफोरच्या बायकोचं नावही झानच. ती फ्लँडर्सची. नवरा कैदेत पडल्यावर ती एनबाँ नावाच्या गावात वेढ्याला तोंड देत, घोड्यावर बसून लढली, अशी तिची ख्याती.

दोन झान, आणि तेवीस-चोवीस वर्षं चाललेलं युद्ध. चैत्रालीने पीएचडी केली होती ती पहिल्या झानवर. जी घोड्यावर बसली नाही तिच्यावर.

नागपूरच्या मुलीने ब्रिटनीतल्या एका काउंटीवर आयुष्याची सहा वर्षं का घालवावी, हे तिच्या आईला कधीच कळलं नव्हतं. चैत्रालीलाही ते नीट सांगता यायचं नाही. फ्रेंचच्या क्लासमध्ये एका धड्यात पाँतिएव्रची हकीकत होती. अकराव्या शतकात एका ड्यूकने धाकट्या भावाला हा मुलूख तोडून दिला. ड्यूक वारल्यावर हा धाकटा लहानग्या पुतण्याच्या नावाने सगळ्या ब्रिटनीचा कारभार पाहायला लागला, आणि पुतण्या मोठा झाला तरी सोडेना. शेवटी पुतण्याने काकालाच पकडून कैदेत टाकलं. धडा अर्ध्या पानाचाच होता. चैत्रालीने तो घरी जाऊन डिक्शनरी घेऊन पुन्हा वाचला होता. तेव्हा ती अकरावीत होती, आणि तिच्या स्वतःच्या काकाने वडिलांच्या मागे सीताबर्डीवरचं चष्म्याचं दुकान ताब्यात घेतल्याला वर्ष झालं होतं.

पीएचडीनंतर प्राध्यापकाची नोकरी काही मिळाली नाही. नवरा परीक्षित चिप डिझाइनमध्ये होता, म्हणून ती त्याच्या मागे कॅलिफोर्नियाला आली आणि एका कम्युनिटी कॉलेजात तासिकेवर शिकवू लागली. क्युपर्टिनोत एका ओळखीच्यांकडे गणपतीच्या जेवणाला सत्यजित भेटला. ती काय शिकली हे ऐकल्यावर त्याने हातातली ताटली खाली ठेवली होती. “तू मला खरा इतिहास दे,” तो म्हणाला होता, “मी तुला खरा गेम देतो. आपल्या लोकांपैकी कोणी हे करत असेल असं मला स्वप्नातसुद्धा वाटलं नव्हतं यार.” तिला तेव्हा रडूच यायचं बाकी होतं.

मीटिंग संपल्यावर तिने त्याला कॉफी मशीनपाशी गाठलं.

“तू तिचं नावसुद्धा धड घेत नाहीस. जेन नाही, झान.”

“बरं, झान. ऐक. काल किम्बर्लीचा कॉल होता.” किम्बर्ली म्हणजे लॉस एंजेलिसच्या प्रकाशक कंपनीची बाई, गेम बाजारात आणायचा की नाही हे तिच्या हातात होतं. “ती म्हणते, प्रत्येक प्लेटेस्टमध्ये लोक दोघींत गोंधळतात. नाव सेम, मुकुट सेम, दोघींचे नवरे कैदेत. लोकांना वाटतं, बग आहे.”

“मग आपण फरक दाखवू. फ्लँडर्सची झान दोन वर्षं लढली आणि इंग्लंडला गेली, ती परत आलीच नाही. माझी झान त्यानंतर वर्षानुवर्षं कारभार बघत होती. नवरा लंडनला कैदेत असताना तह, नेमणुका, सगळं तिच्या नावाने होत होतं. राज्य तिचं होतं. शार्ल ड्यूक झाला तो तिच्यामुळे.”

“आणि हे सगळं ती कशाने करत होती?”

“म्हणजे?”

“स्क्रीनवर काय दिसणार? दुसरीकडे घोडा आहे, तलवार आहे.”

“हिच्याकडे शिक्का होता.”

सत्यजितने कपाळ चोळलं. “शिक्क्याचं अॅनिमेशन काय करू मी, सांग ना.”

तरी त्याने एक संधी दिली. पुढच्या मंगळवारी शेवटची प्लेटेस्ट होती. बाहेरची माणसं येऊन गेम खेळणार, काचेमागून टीम बघणार. “तोपर्यंत काय करायचं ते कर,” तो म्हणाला. “लोकांना दोघी वेगळ्या कळल्या तर दोघी राहतील. माझा शब्द.”

चैत्राली आणि देवांग कामाला लागले. देवांग स्टुडिओतला जुना प्रोग्रॅमर, दाढी पिकलेला, फार न बोलणारा. त्याने स्वतःचं काम बाजूला ठेवून तिला हे दिवस दिले. फ्लँडर्सच्या झानला त्यांनी लाल रंग दिला, पाँतिएव्रच्या झानला निळा. लाल झानला उंच आवाज, निळीला संथ. निळीच्या प्रत्येक हुकुमानंतर नकाशावर तिचा शिक्का उमटेल आणि त्या त्या गावावर निळं निशाण चढेल, असं देवांगने केलं. मेणावर शिक्का दाबल्याचा आवाज त्याने स्वतः रेकॉर्ड केला, पॅन्ट्रीत पोळीच्या कणकेवर बाटलीचं झाकण दाबून. कणीक चैत्रालीने घरून आणली होती.

“चालेल हे,” तो म्हणाला. त्याच्या तोंडून एवढं म्हणजे पुष्कळ होतं.

मंगळवारी सकाळी एका टेस्टरने येणं कॅन्सल केलं. सत्यजित वैतागून कॉरिडॉरमध्ये फिरत होता. “कोणीही चालेल, गेम न खेळणारं तर उत्तमच. किम्बर्लीला तसेच लोक हवेत.”

चैत्रालीच्या घरी आई आली होती, सहा महिन्यांसाठी. शोभाताई. वडिलांच्या मागे त्यांनी शाळेत गणित शिकवून घर चालवलं होतं. आता रिटायर होऊन सनीव्हेलच्या अपार्टमेंटमध्ये दिवसभर बाल्कनीतून पार्किंगमधल्या गाड्या बघत बसायच्या. चैत्रालीने फोन केला.

“मला काय कळते त्यातलं?” आई म्हणाली.

“म्हणूनच ये. मी उबर पाठवते. आणि आई, कोणाला काही सांगू नकोस माझ्याबद्दल. मनाला येईल तसं खेळ.”

मनात ती म्हणाली, आईला कळेल. दुसऱ्या कोणाला नाही तरी आईला नक्की कळेल.

काचेपलीकडे शोभाताई पातळाचा पदर खोचून, वाचायचा चष्मा लावून बसल्या. देवांगने शेजारी उभं राहून माउस कसा धरायचा ते दाखवलं. “काकू, इथे क्लिक केलं की फौज हलते.” पहिली वीस-एक मिनिटं त्या चाचपडत होत्या. मग त्यांची पाठ ताठ झाली. गणिताच्या पेपरवर लाल पेन घेऊन बसायच्या तशी. त्यांनी माँफोरची बाजू निवडली होती, कारण ती यादीत वर होती. धान्य आधी, फौज नंतर, हे त्यांना कुणी सांगावं लागलं नाही. एनबाँच्या वेढ्याचा प्रसंग आला, फ्लँडर्सची झान लाल झगा उडवत घोड्यावरून दरवाज्याबाहेर पडली, आणि शोभाताई चक्क “वा गं वा!” म्हणाल्या.

काचेअलीकडे सगळे हसले. किम्बर्ली व्हिडिओवरून बघत होती, तीही हसली. चैत्रालीने हाताची घडी घातली.

मग आईने उत्तरेकडे मोर्चा वळवला. निळी निशाणं असलेली गावं तिने एकामागून एक घेतली. लांबाल घेतलं. मग गँगाँला वेढा घातला. पाँतिएव्रचं मोठं गाव ते, झानचं स्वतःचं. चैत्रालीने तिथल्या तटाचा प्रत्येक बुरूज जुन्या नकाशांवरून लिहून दिला होता. आईने तटाच्या पश्चिमेकडचा कच्चा भाग बरोबर हेरला आणि गाव पेटवून दिलं. गालातल्या गालात हसत.

खेळ संपल्यावर एक मुलाखत असे. सत्यजितच्या असिस्टंटने विचारलं, “गेममधली कुठली पात्रं आठवतात?”

“घोड्यावाली बाई,” शोभाताई इंग्रजीत म्हणाल्या. “फार छान.”

“आणि निळ्या कपड्यांतली?”

त्यांनी आठवून बघितलं. “ती त्या शार्लची बायको. ती काही करत नाही. स्टॅम्प मारत राहते.”

“घोड्यावरची आणि निळी, दोघी वेगळ्या आहेत हे कळलं?”

“हो, कळलं ना. एक कामाची, एक नुसती बसलेली.”

बाकीच्या टेस्टरांना तेवढंही कळलं नव्हतं. बहुतेकांना वाटलं होतं की घोड्यावरची बाई घरी आली की निळे कपडे घालते.

घरी जाताना चैत्राली गाडी चालवत होती. एल कामिनो रस्त्यावर सगळे सिग्नल लाल लागत होते. आई मजेत होती. “तो देवांग चांगला आहे बिचारा. आणि मी जिंकले बरं का! सगळ्या नकाशावर माझं लाल निशाण.”

घरात आल्यावर चैत्रालीने किल्ल्या टेबलावर आपटल्या. परीक्षित सोफ्यावर लॅपटॉप घेऊन बसला होता, त्याने मान वर केली आणि शहाणपणाने पुन्हा खाली घातली.

“आई, तू गँगाँ जाळलंस.”

“खेळात होतं ते जाळायचं.”

“ते तिचं गाव आहे! मी ज्या बाईवर सहा वर्षं काम केलं तिचं. ती ‘नुसती बसलेली’ आहे होय? नवरा कैदेत, फौज नाही, एका बाजूने इंग्रज, आणि तिने काउंटी हातची जाऊ दिली नाही. शार्ल सुटून आला तर त्याने काय केलं माहिती आहे? शत्रूबरोबर तह. अर्धी ब्रिटनी तुला, अर्धी मला. आणि तिने तो तह मानला नाही. म्हणाली, माझं राज्य आहे, अर्धं द्यायचा तुला हक्क नाही.”

आई खुर्चीवर बसली. “मग पुढे काय झालं?”

“पुढे लढाई झाली.”

“आणि?”

“शार्ल मारला गेला त्यात.”

“आणि राज्य?”

“गेलं. काउंटी राहिली.”

“म्हणजे अर्धंही गेलं आणि नवराही गेला,” आई म्हणाली. “घ्यायचं होतं ना अर्धं. नवऱ्याने आणलं होतं.”

“तू हेच म्हणणार.”

“म्हणजे काय?”

“तूही सही करून दिलीस ना. दुकान सोडून दिलंस काकाला, घर ठेवलंस. एक शब्द न बोलता.”

परीक्षितने हळूच लॅपटॉप मिटला आणि आतल्या खोलीत निघून गेला.

आईने पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळलं. “तुझी दहावी होती,” ती म्हणाली. “कोर्टात गेले असते तर तो तुझ्या लग्नापर्यंत चालला असता खटला. मला शाळेत जायचं होतं, तुला क्लासला पाठवायचं होतं. सही केली आणि मोकळी झाले. मला कधी वाईट नाही वाटलं त्याचं.”

“मला वाटतं.”

“ते मला माहिती आहे,” आई म्हणाली आणि कुकर लावायला उठली.

दुसऱ्या दिवशी सत्यजितने तिला स्वतःच्या खोलीत बोलावलं आणि दार लावून घेतलं. तो रात्रभर झोपला नसावा असा दिसत होता.

“टेस्टचे रिझल्ट तू बघितलेस. पण मी किम्बर्लीशी भांडलो, आणि मी तुझ्यासाठी काहीतरी मिळवलंय.” तो खुर्ची ओढून तिच्या समोर बसला. “नाव तुझं राहील. एकच झान, आणि तिचं नाव झान द पाँतिएव्र. फ्लँडर्स जाईल. तुझी बाई कव्हरवर येईल, कळतंय का तुला? कव्हरवर.”

“घोड्यावर?”

“घोड्यावर.”

“एनबाँच्या वेढ्यात?”

“तो सीन तर बेस्ट आहे. तो कसा काढणार?”

“सत्यजित, एनबाँला वेढा घालणारी फौज तिच्या नवऱ्याची होती. तू तिला तिच्याच फौजेविरुद्ध लढवतोयस.”

“किती जणांना माहिती आहे हे?”

“मला आहे.”

“तुला आहे गं! जगात तुला आणि अजून वीस लोकांना!” त्याचा आवाज चढला, मग त्याने तो खाली आणला. “हे बघ. माझा पहिला गेम पूर्ण झाल्यावर कॅन्सल केला होता लोकांनी. दोन वर्षांचं काम. कोणीच बघितलं नाही ते. त्यापेक्षा थोडं खोटं बरं. निदान नाव लोकांच्या कानावर पडेल. कोणीतरी उत्सुकतेने शोधेल, खरं काय ते वाचेल. अर्धं तरी मिळतंय, घे ना.”

तिला आईचा आवाज आठवला आणि त्याने ती अजूनच चिडली. बाहेर पार्किंगमध्ये एका कंपनीची शटल बस येऊन थांबली, माणसं उतरली, बस निघून गेली. तिने विचार करून बघितला, खरंच. कव्हरवरचं नाव. नागपूरचे नातेवाईक, जुने प्रोफेसर. आणि नाव बघून कोणी शोधलंच, तर त्याला काय मिळणार? सातशे वर्षांनी झान द पाँतिएव्रला शेवटी घोडा मिळाला, तोही ज्या बाईने तिच्या नवऱ्याची फौज परतवली तिचा.

“काढून टाक तिला,” ती म्हणाली.

“कोणाला?”

“पाँतिएव्रच्या झानला. पूर्णच. फ्लँडर्सची ठेव, तिचं नाव, तिचा घोडा, सगळं तिचं तिलाच राहू दे. शार्लला एक बायको असेल, नाव नसलेली. निळे कपडेही नकोत. पण माझ्या बाईच्या तोंडी दुसरीचे शब्द घालायचे नाहीत.”

“चैत्राली, तू स्वतः तिला उडवतेयस. नक्की?”

“नक्की.”

“मला वाटलं होतं तू खूश होशील,” तो म्हणाला, आणि तो खरोखरच दुखावलेला दिसत होता.

ती निळी निशाणं, शिक्का, तह फेटाळण्याचा प्रसंग, सगळं देवांगलाच काढावं लागलं. त्याने ते एका दुपारी केलं, हेडफोन घालून, कोणाकडे न बघता. संध्याकाळी जाताना तो तिच्या टेबलापाशी थांबला. “कणकेचा आवाज मी ठेवलाय,” तो म्हणाला. “दाराच्या कडीला लावला. चांगला आवाज होता तो.”

तिने नोकरी सोडायचा विचार केला. परीक्षितशी दोन-तीनदा बोलणंही झालं. नोकरी सोडायची म्हणजे परत त्याच्या व्हिसावर जायचं, घरी बसायचं, कम्युनिटी कॉलेजात तासिका आहेत का म्हणून मेल करत राहायचं. “तू म्हणशील तसं,” परीक्षित म्हणाला. तो प्रत्येक गोष्टीला असंच म्हणायचा, आणि त्या दिवसांत तिला त्याचाही राग आला. तिने नोकरी सोडली नाही. ती जहाजांच्या शिडांवर टिपणं लिहायला लागली.

आई ठरल्याप्रमाणे सहा महिने संपल्यावर परत गेली. एअरपोर्टवर दोघींनी नेहमीसारखं वागून घेतलं. दुकानाचा विषय पुन्हा निघाला नाही.

गेम वसंत ऋतूत बाहेर आला आणि चालला. अगदी धो धो नाही, पण चांगलाच चालला. घोड्यावरच्या बाईची चित्रं लोक प्रोफाइलला लावू लागले. टेक्सासमधल्या फ्रिस्कोहून परीक्षितच्या बहिणीने, इशिताने, व्हिडिओ कॉल करून अभिनंदन केलं, तिची मुलगी केया मागून ओरडली, “मामी, द हॉर्स लेडी इज सो कूल!” स्टुडिओत केक कापला. सत्यजितने भाषणात तीनदा ‘ऑथेंटिक’ म्हटलं.

मग एका शुक्रवारी दुपारी देवांगने तिला एक लिंक पाठवली. सोबत एक शब्दही नव्हता.

ब्रिटनीतल्याच एका विद्यापीठात पीएचडी करणाऱ्या कुणा मुलीने लांबलचक पोस्ट लिहिली होती. गेम देखणा आहे, तटबंद्या आणि जहाजं अचूक आहेत, असं सुरुवातीला म्हटलं होतं. पुढे तिचा राग सुरू होत होता. दोन झानच्या युद्धावरचा गेम आणि त्यात एकच झान? जिच्या हक्कासाठी हे युद्ध झालं, जी वर्षानुवर्षं राज्य चालवत होती, ती पाँतिएव्रची झान कुठे आहे? घोड्यावर बसली नाही म्हणून तिला नावही नाही? श्रेयनामावलीत इतिहास सल्लागार म्हणून एक नाव दिसतं. या बाईंनी पाँतिएव्रचं नाव कधी ऐकलं तरी आहे का?

खाली शेकडो लोकांनी दुजोरा दिला होता.

चैत्रालीने पोस्ट दोनदा वाचली. त्यातलं प्रत्येक वाक्य तिला मान्य होतं. काही वाक्यं तर ती स्वतः मीटिंगमध्ये बोलली होती. ती उठून सत्यजितच्या खोलीत गेली.

“बघितलं मी,” तिने तोंड उघडण्याआधीच तो म्हणाला. “प्लीज रिप्लाय करू नकोस. तुझ्या कॉन्ट्रॅक्टमध्ये आहे, आतल्या गोष्टी बाहेर बोलायच्या नाहीत. लीगलवाले माझ्या मागे लागतील.”

“मी नाही करत. तू कर. दोन ओळी लिही, की निर्णय स्टुडिओचा होता. सल्लागाराचा नव्हता.”

त्याने खुर्चीत चुळबुळ केली. “पण टेक्निकली, काढून टाक असं तूच म्हणालीस ना.”

तिने त्याच्याकडे नीट बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर लबाडी नव्हती. त्याला ते खरंच तसं वाटत होतं. तेच तिला सहन झालं नाही.

“लिही दोन ओळी,” ती पुन्हा म्हणाली.

“बघतो,” सत्यजित म्हणाला.

त्याने लिहिलं नाही. सोमवारी नाही, आणि नंतरच्या आठवड्यातही नाही. पोस्ट हळूहळू खाली गेली, लोक दुसऱ्या कशावर तरी चिडले. तिने त्याला एकदा आठवण करून दिली, तेव्हा त्याने पुढच्या गेमसाठी तिला बढती देण्याचा विषय काढला.

त्या संध्याकाळी ती गॅसपाशी उभी राहून भेंडी परतत होती, तेव्हा आईचा व्हिडिओ कॉल आला. नागपुरात सकाळ झालेली होती. तिने फोन मसाल्याच्या डब्याला टेकवून उभा केला.

“चेहरा का असा झालाय?” आई म्हणाली.

सांगायचं नाही असं ठरवूनही तिने सगळं सांगितलं. घोडा, कव्हर, काढून टाक म्हटलेलं, ती पोस्ट, ‘बघतो’. बोलता बोलता तिने कालथा इतक्या जोरात आपटला की परीक्षित दारात येऊन परत गेला.

“त्या पोरीला ओळखत असतीस तर तुझी मैत्रीण झाली असती ती,” आई शेवटी म्हणाली.

“तेच तर ना!”

“बरं, मला एक सांग. त्या बाईचं पुढे काय झालं? नवरा गेला, राज्य गेलं. मेली का?”

“नाही. वीस वर्षं जगली अजून. पाँतिएव्र तिच्याकडेच होतं.” चैत्रालीने गॅस बारीक केला. “मग काही वर्षांनी फ्रान्सच्या राजाने ठरवलं, ब्रिटनी गिळूनच टाकायची. ड्यूकच ठेवायचा नाही. तेव्हा जो ड्यूक होता, माँफोरचा मुलगा, तो इंग्लंडला पळालेला. आणि ब्रिटनीतले लोक उठले, म्हणाले आमचा ड्यूक परत आणा. त्यात ही पण होती.”

“कोणाच्या बाजूने?”

“त्याच्याच. माँफोरच्या.”

“ज्याच्या फौजेने हिचा नवरा मारला त्याच्या?”

“हो.”

आई फोनच्या अगदी जवळ आली. पडद्यावर नुसते तिचे डोळे आणि चष्मा दिसत होते. “मग हे का नाही घातलंत खेळात? हे मला लक्षात राहिलं असतं.”

“आई, मी तीन वर्षं हेच सांगत होते सगळ्यांना!”

“मला कुठे सांगितलंस? मला तू लढाईपर्यंतच सांगितलंस. तेही भांडताना.”

भेंडी खाली लागायला लागली होती. चैत्रालीने कढई उतरवून ठेवली, हात पुसले आणि स्टूल ओढून फोनसमोर बसली.

“ऐकायचंय का सगळं? मग तीनशे वर्षं मागून सुरू करावं लागेल. आधी एक काका आणि एक पुतण्या होता.”

“माझा चहा व्हायचाय अजून,” आई म्हणाली. “पण सांग तू.”